बायकोच्या झोपेत मावेल असा अ‍ॅम्प

माझा जुना अ‍ॅम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, पस्तीस किलोचा तरी असेल. मी तो कधी काट्यावर ठेवला नाही, पण गाडीत चढवायला दोघे लागायचे आणि उतरवताना तिसऱ्याला हाक मारावी लागायची. सत्तावीस वर्षं मी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली. दिवसा कोराडीच्या वीज केंद्रात जनरल शिफ्ट, आणि संध्याकाळी गणपती, दुर्गा, शारदा, लग्नं, नगरसेवकांचे वाढदिवस. काटोलपासून उमरेडपर्यंत असं एक मैदान नसेल जिथे तो अ‍ॅम्प गरजला नाही. आवाज म्हणजे मोठा आवाज, एवढंच मला ठाऊक होतं. हळू वाजवणारा माणूस माझ्या लेखी एकतर नवशिक्या, नाहीतर घाबरट.

मग कमरेनं दगा दिला. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी बजावलं की पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. "भाजीची पिशवी चालेल," ते म्हणाले. मला ते फार लागलं. ऑर्केस्ट्रा सुटला, पाठोपाठ नोकरीतूनही मी मुदतीआधी बाहेर पडलो. मित्रांनी अ‍ॅम्प आमच्या मानेवाड्याच्या फ्लॅटमध्ये आणून हॉलच्या कोपऱ्यात ठेवला आणि ते चहा पिऊन गेले. मग तो तिथेच राहिला, कारण मला तो हलवताच येत नव्हता.

घरी बसल्यावर मी एक गोष्ट पहिल्यांदा पाहिली: बायकोची झोप. माझी बायको एका दवाखान्यात आयसीयूची सिस्टर आहे आणि वर्षानुवर्षं रात्रपाळी करते. सकाळी साडेआठला घरी येते, आंघोळ करते, दोन घास खाते, आणि साडेनऊला आतल्या खोलीचा काळा पडदा ओढून झोपते. साडेतीनचा गजर लावलेला असतो. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण त्या वेळेला मी कधी घरी असायचोच नाही; सुट्टीच्या दिवशीही तालीम असायची. ती दिवसा झोपते हे मला माहीत होतं. पण ती झोप मिळवायला तिला काय काय करावं लागतं, ते माहीत नव्हतं. कानात कापसाचे बोळे, डोळ्यांवर ओढणी, दाराच्या फटीला जुनी साडी गुंडाळून लावलेली. खाली भंगारवाला ओरडला की ती कुशी बदलायची. समोरच्यांच्या कुकरची शिट्टी झाली की पाय आखडून घ्यायची.

आणि मी शहाणा, हॉलमध्ये गिटार वाजवत बसायचो. हळूच वाजवतोय असं मला वाटायचं. पण त्या अ‍ॅम्पला हळू ठाऊकच नव्हतं. आवाजाचं बटण एकावर ठेवलं की खिडकीची काच थरथरायची, एकाच्या खाली नेलं की तो गप्प. दोन महिने तिनं त्याबद्दल तक्रार केली नाही.

एका सकाळी ती आली आणि चप्पल न काढता स्वयंपाकघरात येऊन बसली. आमच्या घरात हे कधी घडलेलं नाही. मी पाणी दिलं. ते हातात धरून ती म्हणाली, "आज माझ्या हातून होता होता राह्यलं."

तिनं चुकीच्या बाटलीतलं औषध सिरिंजमध्ये भरलं होतं. त्यांच्याकडे पद्धत आहे, टोचण्याआधी लेबल दोघींनी मोठ्यानं वाचायचं. सोबतच्या सिस्टरनं वाचलं, आणि तिचा हात धरला. पेशंट बाईला काही झालं नाही. सकाळी ती चहा मागत होती म्हणे.

"झोप होऊन नाही राहिली बरोबर," बायको एवढंच म्हणाली. गिटारचं नावसुद्धा तिनं काढलं नाही. काढलं असतं तर मी भांडलो तरी असतो.

त्याच दिवशी गिटार कपाटावर चढली. मित्रांना बोलावून मी अ‍ॅम्पही ऑर्केस्ट्राकडे परत पाठवला. मध्ये आठवडाभर हेडफोन लावून पाहिले. पण हेडफोन लावला की मला दाराची घंटा ऐकू यायची नाही. मग पार्सलवाला घंटा दाबत राहायचा, आणि झोपेतून उठून दार उघडायला तीच यायची. दोनदा असं झालं आणि हेडफोनही कपाटावर गेले. अ‍ॅम्प न लावता नुसती इलेक्ट्रिक गिटार वाजवून पाहिली, तर तारांची किरकिर तेवढी ऐकू आली. चार महिने मी घरात नुसता फिरलो. टीव्ही मुका करून बातम्या पाहिल्या. बोटांच्या टोकांवरचे घट्टे मऊ पडून सोलले गेले, आणि ते पाहून मला खरंच रडू आलं.

एका रविवारी तीच म्हणाली, "तुमचं तोंड पाह्यलं का आरशात? एखादा छोटा घ्या ना जी. हलका, हळू वाजणारा."

"हळूच वाजवाचं तं अ‍ॅम्प कायले लागते वं?"

"ते मले काय माहीत? पण असं तोंड घेऊन फिरू नका घरात. अशानं तं मले अजूनच झोप येत नाही."

मी सीताबर्डीला गेलो. सोबत आमचा ड्रमवाला होता, कारण एकट्यानं अ‍ॅम्प घ्यायचा नसतो. आमच्या लाइनीत एक पद्धत होती, आणि मला तिचा फार अभिमान होता. सामान घेताना एकानं वाजवायचं आणि दुसऱ्यानं लांब जाऊन ऐकायचं. मैदानात आम्ही शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर जाऊन बसायचो. दुकानातून थेट रस्त्यापलीकडे जायचं. तिथपर्यंत आवाज आला तर माल चांगला. त्याप्रमाणे ड्रमवाल्यानं दुकानात तारा खाजवल्या, आणि मी रस्ता ओलांडून संत्र्याच्या गाडीपाशी उभा राहिलो. ऑटोचे भोंगे, सेलच्या घोषणा, डोक्यावरून जाणारी मेट्रो, आणि त्या सगळ्याच्या वर माझा नवा अ‍ॅम्प खणखणीत ऐकू आला. मी अंगठा वर केला. परत येऊन तो एका हातानं उचलून पाहिला. चार किलो. डॉक्टरांनी सांगितलेल्या वजनात बसत होता, वर पिशवीत अर्धा किलो टमाटे आले असते. आम्ही खूश होऊन वर चहा प्यालो.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, ती आत झोपलेली असताना, मी तो सुरू केला. पहिल्यांदा ऐकू आली ती घूंऽऽ. मी काहीच वाजवलं नव्हतं, तरी तो बोलत होता. रस्त्याच्या गोंगाटात ती घूं बुडून गेली असणार. मी आवाज अगदी कमी केला, तर गिटार नाहीशी झाली आणि घूं तेवढी उरली. मग बटण केसभर पुढे सरकवलं, आणि त्या चार किलोच्या डब्यानं अशी काही आरोळी ठोकली की माझ्याच हातातली तारा छेडायची पट्टी खाली पडली.

दार उघडलं. ती उभी होती, ओढणी कपाळावर सरकलेली.

"हा नवा?"

"हाव."

"दुकानात ऐकला होता ना?"

मी आमची पद्धत तिला सविस्तर सांगितली. ड्रमवाला, रस्ता, संत्र्याची गाडी, सगळं. ती सोफ्यावर बसली आणि डोळे पुसत हसायला लागली.

"आपल्या हॉलमधून रस्ता जाते का जी? माझी खाट दहा पावलांवर आहे, आन् तुमी पलीकडच्या फुटपाथवरून ऐकून आले!"

मला राग आला होता, पण तिच्या बोलण्यात खोट काढता येत नव्हती. सत्तावीस वर्षं मी लांबच्या माणसासाठी वाजवलं होतं. जवळचं माणूस काय ऐकतं, हे मला कधी पाहावंच लागलं नव्हतं. मनाशी मी एक ठरवून टाकलं, तिला सांगितलं नाही: अ‍ॅम्प बदलून आणायचा, आणि त्यानंही ती उठली तर गिटार विकायची. रात्री एखाद्याचा जीव तिच्या हातात असतो. त्याच्याशी माझ्या बोटांच्या हौसेची बरोबरी होऊच शकत नव्हती.

दुकानदार बदलून द्यायला तयार झाला. या वेळी बायको म्हणाली, मी येते. रात्रपाळी संपवून ती परस्पर सीताबर्डीला आली. दुकान उघडेपर्यंत आम्ही बाहेर पायरीवर बसलो. डोळे लाल झालेले, केसांना दवाखान्याचा वास. झोपायच्या वेळेला ती माझ्यासाठी बाजारात बसली होती, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

दुकानदारानं अ‍ॅम्प काढले, गिटार जोडली आणि म्हणाला, "बजाओ काकाजी, फुल करके देखो."

"वाजवू नका," बायको म्हणाली. "भाऊ, नुसता सुरू करून ठेवा. आन् तो पंखा बंद करा."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात असं काही होतं की त्यानं पंखा तर बंद केलाच, शटरही अर्धं खाली ओढलं. ती वाकली, अ‍ॅम्पपाशी कान नेला आणि डोळे मिटले. डाव्या मनगटावरचं घड्याळ तिनं सवयीनं समोर धरलं होतं. अर्धं मिनिट ती हलली नाही.

"हा घरघर करते," ती म्हणाली. "दुसरा."

दुसऱ्याच्या वेळी तिनं काउंटरच्या फळीवर तळवा ठेवला आणि मला जाड तार छेडायला सांगितली. "हा फळीतून हातात येते. म्हणजे भिंतीतूनही येणार. कानाले नाही येत, पण झोपेले येते." तिसरा अगदी शांत होता. पण ती म्हणाली, बंद करून परत सुरू करा. सुरू होताना त्यानं फट् केलं. "दचकवते," म्हणून तोही बाजूला गेला.

मी तोंड उघडं टाकून पाहत होतो. सत्तावीस वर्षं अ‍ॅम्पशी संसार केलेला माणूस मी, आणि यातलं मला काहीच माहीत नव्हतं. "तुले हे कसं समजते वं?" मी विचारलं.

तिला प्रश्नच विचित्र वाटला. "रातभर दुसरं काय करतो आमी? मशिनीवर आकडा मागून बदलते जी. श्वास आधी बदलते. बारा खाटा असतात, दिवे मंद असतात. टेबलापाशी बसून लिहिता लिहिता कोणाचा श्वास बदलला ते कानाले समजते."

हे ती भाजी कशी निवडतात ते सांगावं तितक्या सहज म्हणाली. मी मैदानं गाजवली म्हणून घरात मान ताठ करून फिरत होतो, आणि माझ्याच घरात एक माणूस बारा लोकांचे श्वास वेगवेगळे ऐकत होतं. अठ्ठावीस वर्षांत मी तिला हे कधी विचारलं नव्हतं. मला त्या दुकानात तिच्या पाया पडावंसं वाटलं. दुकानदार होता म्हणून पडलो नाही.

चौथा अ‍ॅम्प सगळ्यात खालच्या फळीवर होता, धूळ खात. पोळ्यांच्या डब्यापेक्षा जरासा मोठा, वजन दीड किलो, ताकद पाच वॉट. पाच वॉटमध्ये आमच्या मंडपातला डासही उडाला नसता. दुकानदारानं तो सुरू केला. तिनं कान लावला, आणि थोड्या वेळानं विचारलं, "सुरू केला का?"

त्यानं लाल दिवा दाखवला. ती पूर्ण मिनिटभर तशीच राहिली. मग म्हणाली, "आता वाजवा. हळू."

मी वाजवलं.

"अजून हळू."

मी बटण मागे घेतलं.

"अजून, जी."

जिथे आजवरचे सगळे अ‍ॅम्प मरून जायचे, तिथपर्यंत मी आलो. सहाही तारांवरून अंगठा फिरवला, आणि सूर तिथेच होता. पूर्ण. पातळ झाला नव्हता, फुटला नव्हता. जाड तार जाड ऐकू येत होती आणि बारीक तार बारीक, फक्त सगळं माझ्या गुडघ्यापर्यंतच्या अंतरात. दुकानदारही पुढे वाकला. तिघंही एका डब्यावर डोकी घालून उभे होतो.

तो डबा मी करंगळीला अडकवून घरी आणला. तिनं हॉलमध्ये त्याची जागाही ठरवली: भिंतीपासून दूर, खुर्चीवर, खाली घडी केलेली गोधडी. मग साडीची गुंडाळी दाराशी सरकवून ती झोपायला गेली. तेव्हा एक वाजून गेला होता. त्या दिवशी मी वाजवलं नाही. हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला बसलो. पहिला सूर लावला आणि मला भीतीच वाटली, इतकं सगळं ऐकू येत होतं. बोट तारेवरून सरकल्याची सळसळ. तार छेडण्याआधीचा पट्टीचा नुसता स्पर्श. सूर कसा वाढतो, कसा पिकतो, आणि संपताना शेवटी त्याचं काय होतं. सुराला शेवट असतो हे मला माहीतच नव्हतं. आमच्याकडे तो संपायच्या आत ढोलकी त्याच्यावर येऊन पडायची. आणि माझ्या चुका! चौथं बोट आळशी होतं, दर वेळी तार अर्धवट दाबत होतं. सत्तावीस वर्षं हजारो लोकांसमोर मी तो सूर खोटा वाजवला होता, मोठा होता म्हणून कोणाला कळला नाही, मलाही नाही. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त नवल वाटलं. एवढं सगळं या सहा तारांत आधीपासून होतं, आणि मी त्याच्यावर पस्तीस किलो ठेवून बसलो होतो.

पण खरी परीक्षा माझी नव्हती. अर्ध्या तासानं, शेवटचा सूर अजून विरत असतानाच, मी अनवाणी दारापाशी गेलो आणि कान लावला, दुकानात तिनं लावला होता तसा. आतून श्वास येत होता. लांब, खोल, एका मापाचा. झोपली होती. तिचा श्वास मला ऐकू यावा म्हणून दार फटभर उघडं ठेवून मी परत येऊन बसलो आणि वाजवू लागलो.

साडेबाराला भूक लागली. मी गिटार मांडीवर आडवी केली आणि उठणार तेवढ्यात आत खाट वाजली. तिनं कूस बदलली होती. श्वास वर आला होता, तुटक झाला होता. कशानं, ते मला कळेना. खाली भंगारवाला नव्हता, कोणाचा कुकर नव्हता. मी घाबरून पुन्हा तारेला हात लावला, अगदी हळू. चार-पाच सुरांत तिचा श्वास खाली गेला. मला खरं वाटेना. थोड्या वेळानं मुद्दाम थांबून पाहिलं. पुन्हा कूस, पुन्हा तुटक श्वास. वाजवलं, आणि पुन्हा खोल.

आयुष्यात माझ्यासमोर दहा दहा हजार माणसं बसली, नाचली, वन्स मोअर ओरडली. पण मी थांबलो म्हणून कोणाचा श्वास बदलला, असं कधी झालं नव्हतं. मी वाजवत राहिलो. आता थांबायची सोयच नव्हती. मध्येच आठवलं, तिच्या उशाशी गजर आहे. उजवा हात चालू ठेवून तो बंद करता येईना, म्हणून एकच मोकळी तार जोरात छेडली, ती विरायच्या आत धावत जाऊन गजर बंद केला आणि परत आलो. कंबर दुखत होती. बोटांची नवी कातडी सोलली गेली. जेवण झाकलेलं होतं, ते झाकलेलंच राहिलं. येत होतं तेवढं सगळं वाजवून झालं, मग येत नव्हतं तेही वाजवलं.

साडेपाचला दार उघडलं. ती चौकटीला धरून उभी होती. खिडकीतलं ऊन पाहून दचकली.

"किती वाजले?"

"साडेपाच."

"अगोबाई! उठवलं काहून नाही? गजर कुठं गेला?" मग तिची नजर टेबलावरच्या झाकलेल्या ताटावर गेली. "तुमी जेवले नाही?"

"थांबलो की तू जागी होत होती," मी म्हणालो.

ती जवळ आली. माझा डावा हात तिनं उलटा केला आणि सोललेली बोटं एकेक करून पाहिली. मग बोटांवरच मोजायला लागली, साडेनऊ ते साडेपाच. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं.

"आठ तास झोपली जी मी," ती म्हणाली. "आठ तास." आणि माझा हात तसाच धरून, खाली गोधडीपाशी बसून ती रडली.